गोठणं आणि गंजणं : शहापूर-मुरबाडच्या नळांचा इतिहास

आजच्या विषयाचं नाव वाचून तुमच्यापैकी काहींना प्रश्न पडला असेल की शहापूर-मुरबाडकडे पाणी गोठतं कधी? गोठत नाही. माहुलीच्या पायथ्याला पौषात कितीही हुडहुडी भरली, घरोघरी शेकोट्या पेटल्या, तरी पारा शून्याच्या जवळपाससुद्धा येत नाही. पण या दोन तालुक्यांतल्या पाण्याच्या साधनांकडे इतिहास म्हणून पाहू लागलो, तेव्हा आमच्या लक्षात आलं की इथे जे कधीच घडत नाही, त्याचाही इथल्या इतिहासावर मोठा परिणाम झालेला आहे. म्हणून सुरुवात थोडी लांबून, थंडीच्या देशांतून करू या.

पाणी गोठलं की आकसत नाही, फुगतं. साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं. बंद नळीत अडकलेलं पाणी गोठलं की ते नळी फोडतं. नळी तांब्याची असो, पितळेची असो की ओतीव लोखंडाची. त्यामुळे युरोप-अमेरिकेत ज्यांच्याकडे होडी असते, त्यांचं शरद ऋतूतलं एक काम ठरलेलं असतं. हिवाळ्याआधी होडीतली पाण्याची सगळी व्यवस्था रिकामी करायची. पिण्याच्या पाण्याची टाकी, पंप, पाणी तापवायचं यंत्र, इंजिन थंड ठेवणाऱ्या नळ्या, सगळं. प्रत्येक नळीचा सर्वांत खालचा भाग शोधायचा, तिथली तोटी उघडायची, कारण पाणी साचतं ते तिथेच. इंजिनात खारं पाणी फिरलेलं असेल, तर ते गोड्या पाण्याने धुवून काढायचं, नाहीतर मीठ आतल्या आत धातू खात बसतं. जे पाणी निघत नाही, त्यात न गोठणारा द्रव मिसळायचा. हे एक वर्ष विसरलं, तर वसंतात होडी पाण्यात उतरवल्यावर फुटकी नळी दिसते.

गावाच्या नळांचंही तेच. १८९५ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये एवढी थंडी पडली की लंडनच्या रस्त्यांखालचे पाण्याचे नळ गोठले आणि लोकांना रस्त्यावर उभ्या केलेल्या तोट्यांवरून बादल्यांनी पाणी भरावं लागलं. म्हणून तिकडे नळ जमिनीत खोल पुरतात, जिथवर थंडी पोचत नाही तिथे. कुणी आळस केला, तर शिक्षा एका रात्रीत मिळते, आणि ज्याने आळस केला त्यालाच मिळते.

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा मुद्दा इथेच आहे. गोठण्याची शिक्षा एका रात्रीत होते. गंजण्याची शिक्षा दहा-पंधरा वर्षांनी होते, आणि तोवर नळ बसवणारा बदलून गेलेला असतो. जिथे शिक्षा लगेच होते, तिथे काळजी घ्यायची सवय लागते, रीत पडते. जिथे ती उशिरा होते आणि दुसऱ्याच कुणाला होते, तिथे सवय लागत नाही. ही गोष्ट मनात ठेवून आपण आपल्या भागाकडे वळू.

आपल्याकडे रीतच नव्हती असं मात्र नाही. ठाणे जिल्ह्याच्या आणि आताच्या पालघरच्या किनाऱ्यावरचे कोळी पाहा. त्यांचा हिवाळा म्हणजे पावसाळा. जूनच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, कोरड्या करायच्या, झाकायच्या. त्याला ते 'नाव शाकारणं' म्हणतात. घर शाकारायचं तशी नाव शाकारायची. लाकडाला तेल पाजायचं, फटी बुजवायच्या, इंजिन उतरवून धुवायचं. मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून पुन्हा पाण्यात. आज सरकारी नियमाने १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पण हा नियम यायच्या कितीतरी आधीपासून हे वेळापत्रक होतं. कारण उघड आहे. पावसाळ्यातल्या समुद्रात कमकुवत नाव घातली, तर ती परत येत नाही. शिक्षा लगेच, म्हणून रीत पक्की.

किनाऱ्यावरून आता वर, सह्याद्रीच्या अंगाला येऊ. मुरबाड तालुक्यात वैशाखरे गावापासून नाणेघाटाची वाट चढते. वर सातवाहनांचं लेणं आहे, नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे आणि आसपास खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नरकडे जाणारे व्यापारी आणि त्यांची जनावरं ज्या घाटाने गेली, तिथल्या वाटसरूच्या पाण्याची ही सोय. कान्हेरीच्या शिलालेखांत अशा टाक्यांना 'पोढी' म्हटलेलं आहे, आणि पोढी दान दिल्याच्या नोंदी आहेत. शहापूरच्या माहुली किल्ल्यावरही अशीच टाकी आहेत.

या टाक्यांना धातू लागत नाही. गंजायला काही नाहीच. त्यांचा शत्रू एकच, गाळ. आणि गाळाची शिक्षा पुढच्याच उन्हाळ्यात होते. वैशाखात तळ दिसू लागला की गाळ काढायचा, पहिल्या पावसाआधी टाकं रिकामं आणि स्वच्छ हवं. गावच्या विहिरीचंही तसंच. ज्या महिन्यात पाणी सर्वांत कमी, त्याच महिन्यात साफसफाई शक्य, आणि त्याच महिन्यात ती करायची निकडही सर्वांत जास्त. काम आणि गरज एकाच वेळी येत असल्यामुळे वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही.

घरातही हेच. तांब्या-पितळेच्या हंड्या-कळश्या चिंचेने आणि राखेने घासणाऱ्या आपल्या आज्यांना रसायनशास्त्र शिकवायला कुणी गेलं नव्हतं. पितळेच्या पातेल्यात आमटी कळकली की कल्हईवाल्याची आठवण होई. कळकलेली आमटी म्हणजे धातूने दिलेली सूचनाच, आणि ती सूचना त्याच दिवशी जिभेवर येते.

आता लोखंडाकडे येऊ. इथपासून आपल्या दोन तालुक्यांचा आधुनिक इतिहास सुरू होतो.

मुंबईला पहिलं मोठं धरणाचं पाणी मिळालं ते विहारचं. काम १८५६ मध्ये सुरू झालं, १८६० मध्ये पुरं झालं, आणि तिथून ३२ इंची ओतीव लोखंडाचा नळ शहरात आला. मग १८७९ मध्ये तुळशी. तेही पुरेना, तेव्हा नजर गेली शहापूरकडे, तानसा नदीकडे. दगड-चुन्याचं जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांबीचं धरण बांधलं गेलं आणि १८९२ साली व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. काही अंतर बांधीव पाटातून आणि काही अंतर ४८ इंची ओतीव लोखंडाच्या नळातून पाणी मुंबईकडे निघालं. पाणी पंपाने ओढावं लागत नव्हतं, उताराने आपोआप जात होतं. पुढे १९१५ च्या सुमारास ५० इंची पोलादी नळ आला, आणि १९२० च्या दशकात ७२ इंची दोन. १९५७ मध्ये वैतरणेवरचं धरण झालं. तो जलाशय आज मोडक सागर म्हणून ओळखला जातो, अभियंते ना. वि. मोडक यांच्या नावाने. त्याच्याबरोबर ९६ इंची नळ आला. त्यानंतर १९७३ मध्ये अप्पर वैतरणा, १९८० च्या आसपास भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा.

आज मुंबईच्या सात तलावांची एकूण साठवण सुमारे साडेचौदा लाख दशलक्ष लिटर आहे, आणि त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या भातसाची. तानसा आणि भातसा दोन्ही शहापूर तालुक्यात. मुरबाडच्या बाजूला बारवी आहे. औद्योगिक विकास महामंडळाचं हे धरण १९७२ चं. त्याचं पाणी उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवलीकडे जातं. म्हणजे दोन तालुके मिळून महानगराच्या तहानेचं ओझं वाहतात.

आता लोखंडी नळ इथे आला कसा ते पाहू. ओतीव लोखंडाच्या नळांची विद्या विलायतेहून आली, तिथल्या थंडीत वाढलेली. तिकडे नळ पुरायलाच हवा. इथे गोठण्याची भीती नाही. शिवाय खाली काळा खडक. पुरायचं म्हणजे सुरुंग लावून चर खणायचा. मग पोलादाचे मोठे नळ लांबच लांब अंतर जमिनीवरच टाकता आले, टेकूंवर. दुरुस्तीला सोपे, नजर ठेवायला सोपे, आणि शेजारून रस्ताही काढता आला. शहापूर-भिवंडीकडे गेलात तर हा नळ आणि त्याच्या कडेचा पाइपलाइन रोड तुम्हाला दिसतोच. लंडनचा नळ कुणाला दिसत नाही. आपला दिसतो, कारण आपल्याकडे बर्फ पडत नाही.

पण जमिनीवर आलेल्या नळाला दुसरे दोन शत्रू भेटले. एक ऊन. पोलाद तापलं की लांबतं. एक किलोमीटर पोलादी नळ तीस अंशांनी तापला, तर तो साधारण ३६ सेंटिमीटर वाढतो. आत पाणी वाहत असतं तोवर ते नळाला थंड ठेवतं. रिकामा नळ मे महिन्यात जास्त तापतो. म्हणून मध्ये मध्ये सरकू शकतील असे सांधे द्यावे लागतात. दुसरा शत्रू पाऊस. लोखंड, पाणी आणि हवा हे तिघे एकत्र आले की गंज. नळाचा वरचा भाग पाऊस थांबला की वाळतो. पण जिथे तो टेकूवर बसतो, जिथे चिखल चिकटतो, गवत वाढून ओल धरतं, तिथे तो दिवाळीपर्यंत ओला राहतो. नळ गंजतो तो आधी तिथे, पोटाखाली.

ओतीव लोखंड जाड असतं, सावकाश खंगतं. पोलाद पातळ आणि मजबूत, पण त्याला रंगाचं कवच लागतं. एकोणिसाव्या शतकात ओतीव नळ तापवून डांबराच्या गरम मिश्रणात बुडवायची रीत अँगस स्मिथ यांच्या नावाने प्रसिद्ध होती. बाहेरून लोखंडाला लाल रंगाचा पहिला हात देत, तो रंग म्हणजे शिशाचा ऑक्साइड, म्हणजे आपला शेंदूर. पाड्यापाड्यांवर वाघोबाला आणि वेशीवरच्या मारुतीला जो शेंदूर चढतो, त्याच जातीचा पदार्थ जहाजांच्या आणि पुलांच्या लोखंडावर चढत होता. तो विषारी असल्यामुळे पुढे त्याचा वापर घटला, ती वेगळी गोष्ट. नळाच्या सखल जागी पाणी सोडून द्यायची झडप असते आणि चढावर हवा सोडायची. मोठी दुरुस्ती असली की सखल भागातली झडप उघडून नळ रिकामा करतात. थंडीच्या देशातला होडीवाला करतो तेच हे काम, फक्त कित्येक किलोमीटर लांबीच्या नळावर.

ही सगळी काळजी सव्वाशे वर्षं कशी टिकली? मुंबईचा नळ फुटला की दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं शहर ओरडतं, वर्तमानपत्रात फोटो येतो. शिक्षा लगेच होते, आणि ज्याच्या हातात पैसा आहे त्याच्या दारात होते. त्यामुळे चौकीदार आहे, रंगकाम आहे, जुना नळ बदलणं आहे. अलीकडे तर महापालिकेने भिवंडी तालुक्यातल्या गुंदवलीपासून भांडुपपर्यंत खडकातून बोगदा काढून पाणी आत नेलं. लोखंडाला कंटाळून शहर पुन्हा खडकाकडे वळलं, असं म्हणायला हरकत नाही. नाणेघाटात टाकं खोदणाऱ्यांना हे पटलं असतं.

आता त्याच नळाच्या कडेला उभे राहून दुसरीकडे पाहू. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण आपल्या भागात म्हण राहिलेली नाही, ती उन्हाळ्यातली बातमी झाली आहे. दर वर्षी मार्चनंतर शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवर टँकर सुरू होतात. बाया नदीच्या कोरड्या पात्रात डवरे खणून वाटीवाटीने हंडा भरतात. नळाच्या झडपेतून पाणी झिरपत असेल, तर तिथेही हंडे लागतात. विचार करा, शहराच्या दृष्टीने जी गळती, ती या बाईच्या दृष्टीने पाणवठा. नळ जमिनीखाली असता, तर निदान तो रोज डोळ्यांसमोर आला नसता.

पाड्यावर लोखंड आलं ते हापशाच्या रूपात. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधनविहिरी झपाट्याने खणल्या गेल्या. सुरुवातीचे ओतीव हापसे एका घरापुरते बनवलेले. अख्ख्या गावाने हापसायला लागल्यावर ते मोडायचे. यावर उपाय निघाला तो आपल्याच राज्यात. जालन्याला आणि सोलापूरला मिशनऱ्यांच्या संस्थांत विंधनविहिरींवर काम करणाऱ्यांनी दणकट पोलादी हापसे तयार केले. सोलापूरच्या त्या रचनेतून पुढे युनिसेफच्या मदतीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'इंडिया मार्क टू' हा हापसा उभा राहिला, आणि तो आज आफ्रिकेपर्यंत पोचलेला आहे. ही अभिमानाचीच गोष्ट आहे.

पण त्याच्या खाली, बोअरमध्ये उतरणारे पाइप जस्त चढवलेल्या लोखंडाचे. या जस्ताची गंमत ऐका, ती पुन्हा आपल्याला जहाजाकडे नेते. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळावरचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. ते तुकडे स्वतः झिजले आणि तांबं वाचलं. याच तत्त्वावर पुढे लोखंडावर जस्त चढवायची पद्धत निघाली. जस्त आधी मरतं, लोखंड नंतर. आपल्या जस्ती बादलीचं आणि हापशाच्या पाइपाचं मूळ हे असं जहाजाच्या तळाशी आहे.

पण जस्त संपतं. आणि सांध्यावर, जिथे आटे पाडलेले असतात, तिथे ते आधीच कापलं गेलेलं असतं. पाणी थोडं आम्लधर्मी असेल, तर ते आणखी लवकर संपतं. मग हापशातून सकाळी पहिल्यांदा लालसर पाणी येतं. बाया म्हणतात, पाण्याला लोखंडाची चव आहे, डाळ शिजत नाही, कपडे पिवळे पडतात. हीच ती कळकलेल्या आमटीसारखी सूचना. पण ही सूचना ऐकणारा कल्हईवाला इथे कुणी नसतो. काही वर्षांनी पाइप आट्यावर तुटतो, बोअरमध्ये पडतो, आणि मग कागदावर शेरा पडतो, 'हापसा बंद'. सगळेच हापसे गंजाने बंद पडतात असं आम्ही म्हणत नाही. आपला काळा खडक पाणी कमी धरतो, अनेक बोअर उन्हाळ्यात आटतात. पण जिथे खाली पाणी आहे आणि वर पाइप गेलेला आहे, तिथली तहान ही निसर्गाने दिलेली नसते.

गावच्या नळयोजनांचं चित्र फारसं वेगळं नाही. योजना बांधायला निधी येतो, नारळ फुटतो, फलक लागतो. पुढच्या वर्षी झडपेला तेल कोण घालणार, टाकीच्या लोखंडी शिडीला रंग कोण देणार, सखल जागचा गाळ कोण सोडणार, याचा रकाना त्या कागदात छोटा असतो. आता प्लास्टिकचे पाइप आले आहेत, ते गंजत नाहीत. पण ते उन्हात तडकतात, आणि त्यांच्या झडपा, पंप, मोटार शेवटी धातूच्याच असतात. भावली धरणातून शहापूरच्या गावपाड्यांना उताराने पाणी आणायची योजना आहे. ती पूर्ण होईल तेव्हा तिच्याबद्दलही हाच प्रश्न विचारायला हवा, की दहाव्या वर्षी तिच्या झडपा कोण उघडून पाहणार?

तर मंडळी, इतिहासातून आम्हाला जे दिसतं ते एवढंच. कोळ्याने नाव शाकारली, कारण समुद्र माफ करत नाही. टाक्याचा गाळ निघाला, कारण उन्हाळा माफ करत नाही. मुंबईचा नळ रंगवला गेला, कारण मुंबई माफ करत नाही. पाड्यावरच्या हापशाच्या बाबतीत माफ करत राहते ती हंडा घेऊन दोन टेकड्या ओलांडणारी बाई, आणि तिच्या चालण्याचा हिशेब कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. थंडी आपल्याला धाक घालायला येणार नाही. म्हणून हा धाक आपणच वेळापत्रकात लिहायला हवा.

हे काही अवघड नाही. १ मेला महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा भरते. पाणी सर्वांत कमी असण्याचे ते दिवस, आणि पाऊस सुरू व्हायला महिनाभर असतो. जुन्या लोकांनी गाळ काढायला नेमके हेच दिवस निवडले होते. त्या सभेत गावातल्या प्रत्येक हापशाचा पाइप शेवटचा कधी वर काढून पाहिला, प्रत्येक झडप शेवटची कधी फिरवली, टाकी कधी धुतली, एवढे तीन प्रश्न विचारले आणि उत्तरं तारखेसकट फळ्यावर लिहिली, तर सुरुवात झाली. तारीख नसेल तर रकाना रिकामा ठेवा. पुढच्या वर्षी तोच रिकामा रकाना सगळ्यांना दिसेल, आणि लोखंड तुटायच्या आधी कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल.

प्रश्नोत्तरांना आता सुरुवात करू. ज्यांच्या गावात हापसा बंद आहे, त्यांनी तो कोणत्या वर्षी बसवला आणि पाणी लाल कधीपासून येऊ लागलं, हे आठवत असेल तर आधी तेवढंच सांगावं. आमच्या वहीत ते लिहून घ्यायचं आहे.